डॉन पोर्फिरिओच्या कॅमेऱ्याचं पोट

यताइमी गावात फोटोवाल्याची लायकी त्याच्या फोटोंवरून कुणी ठरवत नाही. फोटो हातात पडायला पंधरवडा लागतो, कॅमेरा मात्र आत्ता समोर दिसत असतो. त्यामुळे डॉन पोर्फिरिओ ओवेलारची पंचाईत पहिल्या दिवसापासूनच होती. माणूस चांगला दणकट, हाताचे पंजे बैलाच्या खुरांएवढे, मिशी अशी की कुणाच्याही लग्नात नवऱ्यापेक्षा उठून दिसावी. आणि त्या पंजात कॅमेरा केवढा, तर कंपनीच्या कुळातलं शेंडेफळ. सगळ्यांत लहान, सगळ्यांत स्वस्त, नवशिक्यांसाठी काढलेलं मॉडेल. पोर्फिरिओने तो डोळ्याला लावला की लांबून वाटायचं, हा गृहस्थ साबणाची वडी हुंगतोय.

फोटो मात्र तो झकास काढायचा, हे त्याचे शत्रूही मान्य करतील. शत्रू म्हणजे मागच्या डिसेंबरपासून तयार झालेल्या नऊ आया.

त्याचं असं झालं. आठ डिसेंबरला गावच्या देवळात पोरापोरींचा पहिला प्रसाद असतो. पांढरे झगे, पांढरे शर्ट, दंडाला पांढरी फीत, हातात मेणबत्ती. पोरं उंचीप्रमाणे रांगेत उभी करतात, बुटकी पुढे, उंच मागे, आणि पाई अनास्तासिओ, म्हणजे आमचे पाद्री, एकेकाच्या जिभेवर प्रसादाची पातळ चकती ठेवतात. ती चकती जिभेला टेकण्याचा क्षण म्हणजेच फोटो. बाकीचं सगळं फुकट. तो फोटो दिवाणखान्यात लागतो आणि पोरगं नातवंडांचा आजा झालं तरी भिंतीवरून उतरत नाही. आता चाळीस आया एकदम वेदीकडे धावल्या तर देवाचंच काही खरं नाही, म्हणून वेदीच्या पायरीवर एकच फोटोवाला उभा राहतो. बाकी कॅमेरेवाले सगळे चौथ्या बाकाच्या मागे, दोरीपलीकडे. ही पायरी ज्याची, त्याची वर्षभराची बारशी, लग्नं, सगळं त्याचंच.

मागच्या वर्षी एकतिसाव्या पोरापर्यंत सगळं सुरळीत चाललं आणि तिथे पोर्फिरिओच्या कॅमेऱ्याने मान टाकली. बॅटरी संपली. दुसरी बॅटरी होती, पण ती खिशात, खिसा कोटाचा, आणि कोट उकडतंय म्हणून बाकावर. ती आणून, खालचं दार उघडून आत सरकवेपर्यंत नऊ उंच पोरं देव गिळून जागेवर जाऊन बसली होती.

पोर्फिरिओने मग शक्कल लढवली. संध्याकाळी त्या नऊ जणांना मागच्या खोलीत बोलावून पाईंच्या हातून पुन्हा फोटो काढले. खरा प्रसाद पुन्हा देता येत नाही, म्हणून पाईंच्या हातात दिलं मारी बिस्किट. फोटो सुरेख आले. इतके स्वच्छ आले की मोठे करून फ्रेममध्ये बसवल्यावर बिस्किटावरची नक्षी, भोकं आणि नाव, सगळं वाचता यायला लागलं. एकीच्या सासूने भर जेवणात विचारलं, "आमच्या पोराला पाईंनी देव दिला की चहाबरोबरचा नाश्ता?" तेव्हापासून त्या नऊ घरांच्या दारावरून पोर्फिरिओ जायचा तर पलीकडच्या बाजूने.

यंदा नोव्हेंबर लागला आणि सेन्योरिता एर्मेलिंदा काबान्यासने त्याला बोलावणं धाडलं. सेन्योरिता एर्मेलिंदा म्हणजे पोरांना धर्माचे धडे देणारी. सत्तावीस वर्षं देते आहे. वय एकसष्ट, लग्न केलं नाही. कुणी विचारलंच नाही असं काही म्हणतात, आणि विचारलं होतं पण त्याला दहा आज्ञा पाठ नव्हत्या असंही म्हणतात. पाई अनास्तासिओ बिशपला घाबरत नाहीत, पण एर्मेलिंदा आली की खुर्चीत सरळ बसतात.

"बॅटरी बदलायला तुला किती वेळ लागतो, पोर्फिरिओ?" तिने सरळ तोफ डागली.

"दहा सेकंद, सेन्योरिता. यंदा खिशात नाही, हातातच ठेवीन."

"दहा सेकंदांत पाई दोन पोरांना देव देतात. ती दोन पोरं कुणाची ते तू ठरव, आणि त्यांच्या आयांना तूच सांग."

पोर्फिरिओ मिशी चावत उभा राहिला.

"यंदा सेहेचाळीस पोरं आहेत," एर्मेलिंदा म्हणाली. "सणाआधीची नऊ दिवसांची नोव्हेना सुरू व्हायच्या आत मला असा कॅमेरा दाखव, जो मध्येच मरणार नाही. नाहीतर मी ओविएदो शहरातल्या त्या फोटोवाल्याला फोन करते. त्याच्या कॅमेऱ्याला खाली कसं छान पोट आहे. माणसाला भरवसा वाटतो."

पोट म्हणजे बॅटरी ग्रिप. कॅमेऱ्याच्या बुडाला लावायचा एक डबा. त्यात दोन बॅटऱ्या बसतात, एक दमली की दुसरी आपोआप चालू. शिवाय त्यावर फोटोचं आणखी एक बटण असतं, म्हणजे कॅमेरा उभा धरला तरी कोपर आकाशात न्यावं लागत नाही. पोर्फिरिओने चौकशी केली तेव्हा कळलं, कंपनी थोरल्या भावंडांना पोट देते, या शेंडेफळाला देतच नाही. ज्याला खायची ऐपत नाही त्याला पोट कशाला, असा कंपनीचा विचार असावा. पण जगात भली माणसं असतात. कंपनीशी काडीचा संबंध नसलेले दुसरेच लोक या मॉडेलसाठी ग्रिप बनवतात. आणि अशा परक्यांनी शिवलेल्या वस्तू मिळण्याचं ठिकाण म्हणजे ब्राझीलच्या सीमेवरचं बाजाराचं शहर, सिउदाद देल एस्ते. तिथे एखाद्याने म्हातारी सासू बदलून मागितली तरी दुकानदार म्हणेल, रंग कुठला दाखवू?

पोर्फिरिओची बायको न्या सुनिल्दा, म्हणजे सुनिल्दाबाई, म्हणाली, "मीपण येते."

"तू कशाला? यंत्राचं काम आहे."

"चे काराई," ती म्हणाली. लाडात असली की ती त्याला पोर्फी म्हणायची आणि अक्कल काढायची असली की 'चे काराई', म्हणजे माझे धनी. "चे काराई, तुम्हाला दुकानदाराने खुर्ची दिली की तुम्ही लाजेने वस्तू घेता. घरात तीन छत्र्या आहेत, तिन्ही उघडत नाहीत."

न्या सुनिल्दा शिवणकाम करायची. त्या सेहेचाळीसपैकी एकोणीस पोरींचे झगे तिच्याच मशीनवर चालले होते. ओविएदोचा माणूस आला असता तर त्या एकोणीस आया झगे घेताना तिच्याकडे ज्या दयेने बघणार होत्या, ती तिला आत्तापासूनच टोचत होती.

पहाटेच्या बसने निघाले. तेरेरेचा, म्हणजे गार पाण्यातल्या पाल्याच्या चहाचा, थर्मास मांडीवर, वाटेत चिपावालीकडून चीज आणि बडीशेप घातलेला गरम चिपा-पाव, आणि पोर्फिरिओच्या पिशवीत टॉवेलमध्ये गुंडाळलेला कॅमेरा. शेजारच्या प्रवाशाने विचारलं, बाळ किती महिन्यांचं?

पहिलं दुकान एका ब्राझीलवाल्याचं. गळ्यात साखळी, शर्टाची वरची बटणं सुट्टीवर. त्याने काचेवर जी ग्रिप ठेवली ती बघून पोर्फिरिओच्या तोंडाला पाणी सुटलं. काळी कुळकुळीत, भली थोरली, मागे चक्क छोटा पडदा आणि सोबत रिमोट.

"या सेन्योर," दुकानदार म्हणाला, "बसा ना, खुर्ची घ्या."

"बसू नका," सुनिल्दा म्हणाली. "आधी लावून दाखवा."

लावायला गेला तर खुंटी एकीकडे, भोक दुसरीकडे. दुकानदाराने हळूच रेटा दिला. कॅमेरा कुरकुरला.

"हे यांच्याच मॉडेलचं आहे ना?"

"त्याच घराण्याचं, सेन्योरा. आकडा एकच काय तो पुढचा."

"मी चाळीस कमरेच्या बाईला अडतीसचा झगा दिला आणि म्हटलं, बाई, माप एकच काय ते मागचं, तर ती मला कात्री घेऊन कुठे धरील?"

दुकानदार हसला, पण ग्रिप मुकाट्याने आत ठेवली. पोर्फिरिओ त्या पडद्याकडे असा बघत बाहेर पडला, जसा एखादा तरुण दुसऱ्याच्या वरातीकडे बघतो.

दुसऱ्या दुकानात ग्रिप बसली. ऐटबाज दिसली. पोर्फिरिओने छाती फुगवून आरशात बघून घेतलं. सुनिल्दाने मात्र कॅमेरा आणि ग्रिप यांच्या मधल्या फटीत नख घातलं, ते आत गेलं. मग तिने बाजारात नारळ पारखतात तसा कॅमेरा कानाशी धरून हलवला. आत काहीतरी कुडकुड वाजलं.

"हे काय वाजतं?"

"नवीन आहे म्हणून," विक्रेता म्हणाला.

"नवीन नवऱ्याचंही आम्ही एवढं ऐकून घेत नाही. चे काराई, ते उभं बटण दाबा बरं."

पोर्फिरिओने दाबलं. बटण टिक म्हणालं, कॅमेरा गप्प. पुन्हा दाबलं. गप्प.

"सवयीने चालायला लागतं," विक्रेत्याने धीर दिला.

दुपारी उन्हात दोघं त्याच दुकानांच्या इमारतीच्या सगळ्यांत वरच्या मजल्यावर, अगदी टोकाच्या गाळ्यात पोचली. तिथे दोन्या लिन नावाची तैवानची म्हातारी बसली होती. घड्याळं, थर्मास, सेल, चार्जर, असला सगळा संसार मांडलेला. चाळीस वर्षं इथे राहून इथली गुआरानी भाषा अशी बोलायची की डोळे मिटले तर वाटावं, आपली मावशीच ओरडते आहे. तिने कॅमेरा उलटा केला, बूड बघितलं आणि खालच्या फळीवरून एक खोका काढला. ग्रिप साधीच. ना पडदा, ना रिमोट. उलट एक वीतभर वायर तिला लोंबत होती.

"ही वायर कसली?" पोर्फिरिओने नाक मुरडलं.

"ही या भोकात लावायची. कॅमेऱ्याच्या कुशीतल्या."

"आणि अशी लोंबत राहणार? लोक म्हणतील कॅमेऱ्याला सलाईन लावलंय!"

"हे बघा काराई," दोन्या लिन म्हणाली, "मोठ्या कॅमेऱ्याच्या पोटात ग्रिपच्या बटणाचा निरोप घ्यायला जागा केलेली असते. तुमच्या या धाकट्याला ती ठेवलेलीच नाही. म्हणून निरोप बाहेरून, वायरीने जायचा. वायरीशिवायची कुणी दिली तर बॅटरी चालेल, बटण मुकं राहील. तुम्हाला मुकी पण देखणी हवी असेल तर खाली दुसऱ्या मजल्यावर आहे. तुम्ही तिथूनच आलात, चेहऱ्यावरून दिसतंय."

सुनिल्दा पहिल्यांदा हसली. खोक्यातून आणखी एक ट्रे निघाला, सहा पेन्सिल सेल बसणारा. बॅटऱ्या दगा देतील त्या दिवशी गावच्या किराणा दुकानातले सेल घालायचे. सुनिल्दाने तो ट्रे पुन्हापुन्हा आत-बाहेर केला, मग नख फटीत घालून बघितलं. नख शिरलं नाही. हलवून बघितलं, वाजलं नाही.

एक विघ्न आलंच. ग्रिप बसवायला कॅमेऱ्याचं बॅटरीचं दार काढावं लागतं. दोन्या लिनने नखाने कट्‌ करून ते उपटलं, तशी पोर्फिरिओने छातीवर क्रूस काढला. "दार मोडलं! सात वर्षं ओरखडा पडू दिला नव्हता मी!"

"मोडलं नाही, काढलं. हे बघा, ग्रिपमध्येच ते ठेवायला कप्पा आहे. पोट नको झालं की दार परत."

तरीही त्याचं मन खालच्या मजल्याकडे ओढत होतं. वायर, सलाईन, ओविएदोचा माणूस. सुनिल्दाला वाटलं आता बोलावं, पण ती गप्प राहिली. आयुष्यात असं ती दोनदा वागली म्हणतात. पोर्फिरिओने कॅमेरा उभा धरला. कोपर अंगाला लागून राहिलं, मनगट मोडलं नाही. उभं बटण दाबलं. कॅमेरा ताबडतोब, टाक्‌ करून बोलला. पुन्हा दाबलं, पुन्हा बोलला. त्याच्या मिशीखाली लहान पोरासारखं हसू आलं.

"हीच," तो म्हणाला. "दिसायचं राहू दे."

गावात परतल्यावर जे व्हायचं तेच झालं. न्हावी डॉन त्रांकिलिनो दारातूनच ओरडला, "कितवा महिना, पोर्फिरिओ?" दुसऱ्याने विचारलं, सलाईन कुठल्या डॉक्टरने लिहून दिलं. पण सेन्योरिता एर्मेलिंदाने कॅमेरा दोन्ही हातांत तोलून धरला, हात थोडे खाली गेले, आणि तिचा चेहरा पालटला.

"हं. आता कसा जड लागतो." तिने ओविएदोचा नंबर लिहिलेला चिटोरा वहीतून काढून फाडला. "पण एक लक्षात ठेव. एकही पोरगं राहिलं, तर पुढच्या वर्षी पायरीवर तू नाही. एकही."

आठ डिसेंबर उजाडला तो तव्यासारखा. पोर्फिरिओने आदल्या रात्री दोन्ही बॅटऱ्या भरल्या, सेलचा ट्रे खिशात टाकला. बॅटरीची एवढी धास्ती की फोटो काढल्यावर पडद्यावर जो क्षणभर दिसतो, तोही त्याने बंद करून ठेवला. तेवढीच वीज वाचेल. वीज सोडून दुसरं काहीही संपू शकतं, हे त्या भल्या माणसाच्या डोक्यातच आलं नाही.

पोरांची रांग सुरू झाली. वाद्यवृंदाने हार्प आणि गिटार लावली, ध्वनिक्षेपक फाटेस्तोवर. आवाज असा की कानाशी धरलेला कॅमेरासुद्धा ऐकू येईना. पोर्फिरिओ कॅमेरा उभा धरायचा, चकती जिभेला टेकली की बटण दाबायचा, मग पुढचं पोरगं येईपर्यंत कॅमेरा आडवा करून छातीशी धरायचा. एक, दोन, दहा, वीस. बॅटरीची खूण भरलेली. एकतिसावं पोरगं गेलं तेव्हा दोरीपलीकडच्या सुनिल्दाने सुस्कारा सोडला. अडतिसाव्याला त्याने बटण दाबलं, एकोणचाळिसाव्यासाठी डोळा लावला, आणि कॅमेऱ्याने लाल अक्षरांत सांगितलं, कार्ड भरलं.

पोर्फिरिओच्या पाठीवरून घामाचा ओघळ सरळ बुटापर्यंत गेला. अडतीस फोटोंनी कार्ड भरतं? त्याने घाईने काढलेले फोटो उघडले आणि त्याला उलगडा झाला. ग्रिपच्या उभ्या बटणाला कुलूप म्हणून एक बारीक खटका असतो. तो त्याने कधी लावलाच नव्हता. कॅमेरा आडवा छातीशी धरला की त्याच्या त्या बैलाच्या खुरासारख्या पंजाचा गादीचा भाग नेमका त्या बटणावर टेकत होता. पोरांच्या मधल्या प्रत्येक पाच सेकंदांत कॅमेरा टाक्‌-टाक्‌ करत बसला होता, आणि हार्पने ते झाकलं होतं. शेकडो फोटो. पाईंच्या चपला. चपलांतले पाईंचे मोजे, एक निळा, एक करडा. फरशी. फरशी. मेयरबाईचा जांभईत उघडलेला जबडा, अगदी पडजिभेपर्यंत.

समोर एकोणचाळिसावं पोरगं तोंड उघडून उभं. आठ बाकी. पाई थांबणारे नव्हते.

मग पोर्फिरिओने जे केलं, त्याला मी तरी कर्तबगारीच म्हणेन. एक फोटो पुसायचा, एक काढायचा. पाईंचे मोजे पुसले, पोरगं काढलं. फरशी पुसली, पोरगी काढली. डॉन त्रांकिलिनो बायकोच्या खांद्यावर घोरत होता तो गेला. दोन धर्मशील विधवांचा, एकाच वहीमागे डोकं घालून हसतानाचा, गेला, आणि मेयरबाईचा जबडा गेला. तो गेल्याचं मला आजही वाईट वाटतं. यताइमीचा निम्मा इतिहास त्या मिनिटभरात कचऱ्यात गेला आणि त्याच्या जागी पोरांच्या जिभा आल्या.

पंचेचाळिसावी पोरगी झाली. शेवटचं राहिलं सर्वांत उंच, मान वाकवून चालणारं. पोर्फिरिओने मागचा फोटो उघडला आणि त्याचा अंगठा थबकला.

खांबाआड सेन्योरिता एर्मेलिंदा. पोरांना प्रसादाच्या तासभर आधीपासून पाण्याचा घोटही घेऊ न देणारी, चिंगम सापडलं म्हणून मागच्या वर्षी एकाला घरी पाठवणारी एर्मेलिंदा. स्वतः अजून प्रसाद घ्यायची होती. दोन्ही गाल फुगलेले, हातात अर्धा चिपा, हनुवटीवर चुरा. फोटो लख्ख आला होता, परक्यांनी बनवलेल्या बटणाने आपलं नाव राखलं होतं.

हा एक फोटो खिशात असता तर पायरी मरेपर्यंत त्याचीच होती. पाहिजे तर मारी बिस्किट खांद्यावर टाकून वेदीवर नाचला असता तरी कुणी बोललं नसतं. त्याने पुढचा फोटो शोधायला बोट हलवलं, तेवढ्यात कानामागे गरम श्वास जाणवला. एर्मेलिंदा शेवटच्या पोराला पुढे ढकलायला आली होती आणि तिची नजर पडद्यावर खिळली होती.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. समोर पाईंचा हात प्रसादाच्या डब्यातून वर यायला लागला.

कॅमेऱ्याने विचारलं, पुसू का?

"दाब की रे मेल्या!" एर्मेलिंदा दातांतून फुसफुसली. "पोरगं चाललंय!"

पोर्फिरिओने दाबलं. कॅमेरा उभा केला. चकती जिभेला टेकली. टाक्‌.

सेहेचाळीस.

तेराव्या दिवशी फोटो छापून आले. एर्मेलिंदाने देवळाच्या मागच्या खोलीत ते टेबलावर उंचीप्रमाणे मांडले, एकेक मोजला, आणि कुणाची हनुवटी तिरपी आहे, कुणाचे डोळे मिटलेत, असलं एक अक्षर काढलं नाही. मग चष्मा पुसत म्हणाली, "ऑगस्टात मोठ्या पोरांचा दृढीकरणाचा विधी आहे. बिशप येणार. तेही तूच घे." जाता जाता दारात थबकून तिने खालच्या आवाजात विचारलं, "ते यंत्र पुसलेलं परत आणत नाही ना?"

"नाही, सेन्योरिता. गेलं ते गेलं."

"देवाची कृपा," ती म्हणाली, आणि सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा त्याला डॉन पोर्फिरिओ म्हणून हाक मारून गेली.

त्या दिवशी घरी तेरेरे पिताना सुनिल्दाने त्याला निरखून बघितलं. "पोर्फी, ही बाई एवढी गोड कशाने झाली? बिशपपण तुलाच?"

पोर्फिरिओने ग्रिपचा बारीक खटका कुलपाच्या बाजूला सरकवला, वायर नीट गुंडाळली.

"ग्रिप आवडली तिला," तो म्हणाला.

सुनिल्दाने पेला भरून त्याच्या हातात दिला आणि पुढे काही विचारलं नाही. मला मात्र तिने दुसऱ्या दिवशी झग्याची बाही टाचता टाचता विचारलं, आणि मी काय सांगणार? मी त्या दिवशी वेदीच्या उजवीकडे पहिल्या बाकावर होतो, तो खांब माझ्या अगदी समोर. त्या चिपाला बडीशेप जरा जास्त पडली होती. वास येत होता.